बचत गटाची बैठक ही केवळ वसुलीची जागा होऊ नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बचत गटांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुतेक दोन प्रकारचे असते. एक म्हणजे कर्जवाटपाचे आणि परतफेडीचे आकडे, आणि दुसरे म्हणजे तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या प्रदर्शनातील पापड, चटण्या आणि गोधड्यांच्या स्टॉलची छायाचित्रे. दोन्हींचे महत्त्व मला मान्य आहे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील एका गावात मी गटाची सचिव म्हणून हिशेब लिहिते आणि गावातल्या सर्व गटांच्या ग्रामसंघाच्या कामातही असते, त्यामुळे पैशाशिवाय गट टिकत नाही हे मला कोणी सांगायला नको. परंतु ज्या गोष्टीमुळे या गटांतील बायका खरोखर बदलल्या, ती ना त्या आकड्यांत दिसते ना त्या छायाचित्रांत, आणि तीच आता गावोगाव आटत चालली आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. दहा-बारा जणींनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी गोल करून बसायचे आणि एकमेकींचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, ही गटाची बैठक म्हणजे ती गोष्ट.

बैठकीत काय चालते याची बाहेरच्या माणसांना फारशी कल्पना नसते. हजेरी होते, मागच्या बैठकीचे इतिवृत्त वाचले जाते, बचत गोळा होते, हप्ते जमा होऊन पासबुकांत नोंदी होतात, आणि मग अंतर्गत कर्जाची, म्हणजे गटाच्या स्वतःच्या पैशातून द्यायच्या कर्जाची, मागणी घेतली जाते. या शेवटच्या टप्प्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. कर्ज मागणाऱ्या बाईला ते कशासाठी हवे आहे हे सर्वांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते, आणि पेटीत आठ हजार रुपये असताना मागणी पंधरा हजारांची आली, तर कोणाची गरज आधीची हे त्या बायकांनाच आपसात ठरवावे लागते. घरात वर्षानुवर्षे 'तुला काय कळतंय त्यातलं' एवढेच ऐकत आलेली बाई इथे दुसरीच्या अडचणीचे वजन करते, आपले मत देते, प्रसंगी 'माझं पुढच्या महिन्यावर ढकला, आधी हिचं बघा' असे म्हणते, आणि तिच्या त्या मतावर निर्णय होतो. आमच्या जुन्या रजिस्टरात कर्जाच्या कारणाच्या रकान्यात पानेच्या पाने 'घरखर्च' लिहिलेले आहे. त्यानंतर हळूहळू शेळी, शिलाई मशीन, मुलीची अकरावीची फी अशी कारणे येऊ लागली. स्वतःच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी कर्ज मागायला मात्र एका सदस्येला फार वेळ लागला, कारण नवऱ्याच्या किंवा मुलाच्या आजारासाठी पैसे मागण्याचा तिला संकोच नव्हता, पण स्वतःवर खर्च करण्यासाठी हात पसरणे तिला चोरीसारखे वाटत होते. तिच्या शेजारी बसलेल्या दोघींनी तिच्या वतीने मागणी मांडली, आणि तेव्हाच ते कर्ज मंजूर झाले.

आणखी एक प्रसंग सांगते. एका सदस्येला तिच्या भावाने 'तालुक्याला येऊन एका कागदावर सही करून जा' असा निरोप धाडला होता. तिने बैठक संपता संपता सहज विषय काढला, तेव्हा तो कागद हक्कसोडपत्राचा, म्हणजे माहेरच्या मिळकतीतला आपला वाटा सोडून देण्याचा, असणार हे इतरांच्या लक्षात आले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि देशाच्या कायद्यात ती २००५ मध्ये आली, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते. त्या दिवशी बैठक लांबली. काही जणी म्हणाल्या की भावाशी वाकडे घेतले तर माहेर तुटते, आजारपणात आणि बाळंतपणात माहेरच उभे राहते, तेव्हा चार गुंठ्यांसाठी ते गमावू नये. काही जणी म्हणाल्या की हक्क सोडायचाच असेल तर निदान काय सोडतो आहोत ते माहीत हवे. तिने काय करावे हे मात्र कोणीच सांगितले नाही, आणि याचे मला आजही फार मोल वाटते. तिने तो कागद मुलीकडून वाचून घेतला, विहिरीच्या वाट्याचे काय ते भावाला विचारले, आणि भावाची परिस्थिती ठाऊक असल्यामुळे शेवटी सही केली. पुढे दुसरी एक सदस्या अशाच बोलावण्यावर गेली आणि सही न करता परत आली. दोघींचे निर्णय वेगळे असले तरी दोन्ही त्यांचे स्वतःचे होते. कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात दोन तासांच्या भाषणाने हे घडले असते असे मला वाटत नाही, कारण भाषणात माहिती मिळते, पण आपली अडचण बोलून दाखवण्याचे धाडस ओळखीच्या आणि विश्वासाच्या माणसांतच होते.

आपल्याकडच्या बायकांना अशी जागा पूर्वी नव्हती असे नाही. पहाटे जात्यावर दोघी-तिघी बसत तेव्हा सासरचा जाच, माहेरची ओढ, अंगावरचे दुखणे, सारे ओवीतून बाहेर पडत असे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि हाताचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले, पण मनातले बोलण्याची ती जागाही त्याबरोबर गेली. शहरांत पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेव्हा शिक्षणाइतकेच बायकांनी एकत्र बसणे हेही त्या कामाचे अंग होते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. १९९३ च्या लातूर-किल्लारीच्या भूकंपानंतर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून घरबांधणीवर देखरेख करू लागल्या. नाबार्ड या ग्रामीण पतपुरवठ्याच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, त्याच्याही आधीपासून ही परंपरा आहे. म्हणजे आधी बायका बसल्या, बोलल्या, आणि बँक नंतर आली. आज हा क्रम उलटा झाला आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

आमच्या शेजारच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने ग्रामीण बायकांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली. त्याआधी बँकेच्या परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या. त्या घरी बसून राहिल्या नाहीत. लिहा-वाचायला शिकून काही महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी त्यांनी दाखवली. आमच्या भागात ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मला तिच्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की नकार ऐकून परतलेली एकटी बाई बहुधा पुन्हा त्या कचेरीची पायरी चढत नाही. पंधरा जणी एकत्र परतल्या की दुसऱ्या दिवशी पाटी-पेन्सिल घेऊन बसतात.

विधवा आणि एकट्या बायकांच्या बाबतीत तर गटाची बैठक ही कित्येक गावांत एकमेव जागा आहे जिथे त्या सर्वांच्या बरोबरीने बसतात. हळदीकुंकवाला त्यांना बोलावत नाहीत, लग्नकार्यात त्या मागे राहतात, पण गटात त्यांची बचत तेवढीच आणि मतही तेवढेच. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले, ही आपल्या राज्याला भूषणावह गोष्ट आहे. परंतु ठराव झाला तरी तो पाळायचा धीर त्या बाईला आणि तिच्या सुनेला कुठून यावा? आमच्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू गटाच्या बैठकीला जोडून ठेवण्याची कल्पना एका तरुण सदस्येची. पहिल्या वर्षी दोन विधवा सदस्या आल्या पण त्यांनी कुंकू लावून घेतले नाही, फक्त वाण घेतले. कोणी आग्रह केला नाही, आणि तो न करणेच योग्य होते असे माझे मत आहे. नंतरच्या वर्षी त्यांपैकी एकीने स्वतःहून कपाळ पुढे केले.

हे सर्व लिहिण्याचे कारण असे, की या बैठका आज चारही बाजूंनी आखडत चालल्या आहेत. पहिले आणि सर्वांत गंभीर कारण म्हणजे खासगी फायनान्स कंपन्यांचे गट. त्यांनाही लोक 'गट'च म्हणतात, त्यामुळे बाहेरच्यांना फरक कळत नाही. त्या गटात बचत नसते, चर्चा नसते. कोणा एकीच्या ओसरीवर आठवड्याच्या ठरलेल्या वारी वसुलीचा माणूस येतो, आणि एकीचा हप्ता कमी पडला तर तो भरेपर्यंत इतरांना उठू दिले जात नाही. ज्या शेजारणीच्या भरवशावर बाई आपले दुःख बोलून दाखवत असे, तीच शेजारीण मग दारात उभी राहून 'तुझ्यामुळे आम्ही खोळंबलोय' असे सुनावते. बायकांतला विश्वास मोडण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला तरी माहीत नाही. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज काढणे, आणि दोन्हींचा मेळ घालायला आमच्या गटाकडे मागणी करणे, हे आता नेहमीचे झाले आहे. या संदर्भात रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेले नियम प्रत्येक गटात मोठ्याने वाचून दाखवले पाहिजेत. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम कर्जांच्या हप्त्यांत जाऊ नये, वसुली ठरवलेल्या जागीच व्हावी आणि कर्जदार लागोपाठ दोनदा तिथे आली नाही तरच घरी जाता येईल, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर वसुलीसाठी फोन करू नये, अपशब्द वा धमकी वापरू नये, हे सारे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. ज्या बाईला हे ठाऊक नाही, ती रात्री आठ वाजता आलेल्या माणसासमोर मान खाली घालून उभी राहते. ज्या गटात हे वाचले गेले आहे, तिथे चौघी तिच्या शेजारी येऊन उभ्या राहतात.

दुसरे कारण कागदाचे आणि मोबाइलचे आहे. बचत गटांसाठीच्या राज्य शासनाच्या उमेद अभियानात दशसूत्री ठरवलेली आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब या पहिल्या पाच सूत्रांनंतर आरोग्य, शिक्षण, पंचायतीतील सहभाग, शासकीय योजनांचा लाभ आणि शाश्वत उपजीविका अशी पुढची पाच सूत्रे येतात. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात तपासणी होते ती पहिल्या पाचांची, कारण तीच अ‍ॅपमध्ये भरता येतात. आमची सीआरपी ताई, म्हणजे गटांना मदत करणारी अभियानाची गावपातळीवरची कार्यकर्ती, बैठकीला येते तेव्हा तिचे अर्धे लक्ष नोंदी भरण्यात आणि उरलेले रेंज शोधण्यात असते. तिला दोष देण्याचा प्रश्नच नाही. तिच्याकडे कितीतरी गट आहेत, आणि शासनाने तिचे मानधन महिना तीन हजारांवरून सहा हजार केले असले तरी तिच्यावर टाकलेल्या कामाच्या मानाने ते आजही तुटपुंजेच आहे. पण 'या महिन्यात तुमच्या गटात कशावर बोलणे झाले' असे विचारणारा एकही रकाना त्या नोंदींत नाही, तोवर बोलणे होवो न होवो, वरच्यांना कळणार नाही.

तिसरे कारण सांगताना मला संताप आवरावा लागतो. कोणत्याही पक्षाची सभा असो की शासकीय मेळावा, खुर्च्या भरण्यासाठी गटांच्या बायकांना एस.टी.त आणि ट्रॅव्हल्समध्ये भरून नेले जाते. 'नाही आलात तर कर्ज अडेल' असे उघड कोणी म्हणत नाही, पण बायकांपर्यंत ते बरोबर पोहोचते. उन्हात चार-चार तास बसून, एका पुडीतला नाश्ता खाऊन, रात्री घरी परतणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला यायचे त्राण उरत नाही. तिला कोणत्या व्यासपीठावरून सक्षम म्हटले गेले, याचे तिला काय?

जागेचा प्रश्न वरवर लहान दिसतो, पण तसा नाही. बहुतेक गट देवळाच्या सभामंडपात बसतात, कारण ती जागा सावलीची आणि फुकटची असते. मात्र पाळी आलेली बाई तिथे येत नाही, किंवा येऊन पायरीखाली बसते. आमच्याच गटात हे चालले होते आणि आम्हा साऱ्यांना ते सवयीचे झाले होते. शिवाय देवळाभोवतीच्या आळीतल्या बायकांचा एक गट आणि वस्तीवरच्या बायकांचा दुसरा, अशी विभागणी त्यातूनच पक्की होते, ग्रामसंघात एकत्र आल्यावरही ती दिसते. ग्रामपंचायतीचे सभागृह, शाळेची खोली किंवा समाजमंदिर गटांना ठरलेल्या वेळी मोकळे करून देण्यासाठी ना निधी लागतो ना मंत्रालयाची परवानगी.

बैठक नसल्याची किंमत काय असते हे पाहायचे असेल तर ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांकडे पाहावे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावरचे पांढरे जाणे किंवा पोटात दुखणे यांवर औषधोपचार असतात, दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येते, हे सांगणारे त्यांच्याजवळ कोणी नव्हते. दिवाळीनंतर सहा-सहा महिने गाव सोडून कारखान्याच्या तळावरच्या कोपीत (झोपडीत) राहणारी बाई गटाच्या बैठकीला हजर राहू शकत नाही, तिची बचत थकते, आणि नियमावर बोट ठेवून तिचे नाव कमी केले जाते. जिला या आधाराची सर्वांत जास्त गरज, ती नियमितपणाच्या अटीतच गळते. कारखान्याच्या तळावर त्याच टोळीतल्या बायकांचा हंगामापुरता गट धरून तो गावातल्या गटाशी जोडणे अशक्य नाही. त्यासाठी गट म्हणजे फक्त कर्जाचे खाते ही समजूत आधी सोडावी लागेल.

लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये खात्यावर येऊ लागल्यापासून आमच्याकडे काही जणींनी 'आता गट कशाला' असे म्हणायला सुरुवात केली आहे. त्या पैशाने औषधे येतात, मुलांच्या वह्या येतात, बाईच्या हातात स्वतःचे काही राहते, त्यामुळे त्या योजनेला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु हा पैसा एकेकीच्या खात्यावर एकेकटा येतो. तो काढून आणताना घरात हिसकावला गेला तर ते बोलायला बाई कुठे जाणार, हा प्रश्न योजनेच्या अर्जात नाही. घराच्या बाबतीत तसेच. पत्नीचे नाव घरावर यावे म्हणून 'घर दोघांचे' हा उपक्रम २००३ पासून आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नवरा-बायको दोघांचे नाव लागू शकते, पण आमच्या गावात ती नावे लागली ती गटातल्या सहा-सात जणी एकत्र ग्रामसेवकाकडे गेल्या तेव्हा.

शासनाकडे माझी मागणी फार मोठी नाही. गटाच्या प्रतवारीत परतफेडीइतकेच गुण बैठकीतील चर्चेला द्यावेत, सीआरपी ताईंवरील गटांची संख्या कमी करावी, मेळाव्यांसाठी गटांना वेठीस धरणे लेखी आदेशाने बंद करावे, आणि स्थलांतरित बायकांची नावे कमी करू नयेत. गटांतल्या माझ्या बहिणींनाही एक विनंती आहे. हिशेब संपला की लगेच पदर खोचून उठू नका. अर्धा तास आणखी बसा, एखादा विषय काढा, जी कधीच बोलत नाही तिला आधी विचारा, आणि तिथे बोललेले तिथेच राहील एवढी काळजी घ्या. कारण गटातली गोष्ट गावभर झाली की ती बाई पुन्हा कधी तोंड उघडत नाही, हेही मी पाहिले आहे.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. ग्रामपंचायत कायद्यानुसार ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे, आणि अनेक गावांत ती केवळ सह्यांच्या वहीत होते. आपले वार्ताहर गावोगावी आहेत. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी आपल्या जिल्ह्यातील कोणत्या गावांत ही महिला सभा खरोखर भरली, किती जणी आल्या, त्यांनी कोणते विषय मांडले आणि त्यांतले किती ग्रामसभेच्या इतिवृत्तात उतरले, याची माहिती त्यांनी घ्यावी आणि आपण ती गावांच्या नावांसह छापावी.

आपली विश्वासू,
एका महिला बचत गटाची सचिव,
ता. खटाव, जि. सातारा